उतरलेला काटा

चढावर बस धापा टाकत होती. मी लेकराला मांडीवर घेऊन ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर होते. कंडक्टर पुढे वाकला.

“काका, काटा उतरला! मघाशी लाल पट्टीला टेकला होता. झालं की इंजिन थंड.”

“हळूहळू उतरला?”

“नाही, एकदम.”

“अरे, काटा पाण्याची गरमी दाखवतो. पाणीच संपलं तर काय दाखवणार?”

“सकाळी तुम्ही भरलंत ना?”

“आज तुझी पाळी होती.”

“मला वाटलं...”

“हळू बोल. इंजिनची आग गिळायला तेवढं पाणीच असतं. जळका वास येतोय ना?”

“येतोय. झाकण उघडून बघू?”

“हात लावू नकोस, वाफेनं तोंड भाजेल. बस थांबवतो. लेकरांना आधी उतरव, आणि हसत उतरव.”

बस थांबली. कंडक्टर माझ्याकडे वळून हसला.

“ताई, जरा खाली उतरता? काळजी नको, इंजिन अगदी थंड आहे.”