मेजवानीचं मेंढरू

(तबरीझजवळचं उजानचं कुरण. मंगोल सरदार, म्हणजे ‘नोयान’, ओर्दाय याचा तंबू. बाहेर मेजवानीची लगबग.)

ओर्दाय : तूच सांग त्याला. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल.

सुकैना : काय सांगू, नोयान?

ओर्दाय : खा म्हणावं. एक घास! पणतवाचं नाव ठेवायचंय आज, सगळे भाऊबंद जमलेत, आणि हा बेक्तूर, माझा सख्खा नातू, मला तोंडावर सांगतो, ‘आजोबा, तुमच्या हातचं मेंढरू मला चालणार नाही!’

सुकैना : त्यानं कलमा पढलाय. आता नाही चालत त्याला.

ओर्दाय : खुद्द खानानं पढला. खानाच्या मागोमाग अर्ध्या छावणीनं पढला. म्हणून काय माझे हात बाटले? छातीला बोटभर चीर द्यायची, हात आत घालायचा, काळजाची शीर दाबायची. जनावर हूं की चूं करत नाही, रक्ताचा थेंब मातीत पडत नाही. बापजाद्यांची रीत आहे ती. तुम्ही गळे चिरता, रक्ताचा सडा घालता, आणि वर आम्हाला रानटी म्हणता!

सुकैना : मी कधी म्हटलं?

ओर्दाय : म्हणालीस कुठं! नुसतं खाल्लं नाहीस. बगदाद पडलं, तुला पकडून आणली, तेव्हापासून या घरातल्या मटणाला शिवली नाहीस. बायको म्हणायची, येईल चार दिवसांत वळणावर. ती बिचारी गेली, तू अजून वाळलेलं दही नि जवाची भाकरी चावतेयस.

सुकैना : दात कुठं राहिलेत? आता भिजवून खाते.

ओर्दाय : थट्टा नको. पोरानं तुझंच बघून...

सुकैना : मी त्याला एक अक्षर शिकवलं नाही. तुमची सून बाळंतपणात गेली, तान्हं पोर तुम्ही माझ्या ओटीत टाकलंत. बोलायला लागला तसा विचारायचा, दाई, तू आमच्यातलं का खात नाहीस? म्हटलं, माझा बाप खाटीक होता, देवाचं नाव घेतल्याशिवाय त्यानं कधी सुरी लावली नाही. एवढंच. पुढची वाट त्याची तो चालला.

ओर्दाय : खाटीक! खाटकाच्या पोरीनं सरदाराच्या घरची रीत मोडली.

सुकैना : मोडायचं ते तुम्ही आधीच मोडून ठेवलं होतं. बाप गेला, भाऊ गेले. आमच्या खलिफाला गालिच्यात गुंडाळून घोड्यांच्या टापांखाली घातलं म्हणतात.

ओर्दाय : तो मान होता! राजाचं रक्त आम्ही मातीत सांडत नाही.

सुकैना : मेंढरालाही तोच मान देता.

ओर्दाय : जीभ काही म्हातारी झाली नाही तुझी. बरं, ऐक. बाहेर कबरी घोडी बांधलीय. ती तुझी. सोबत दोन स्वार देतो. उद्या निघ बगदादला, मोकळी. तुझी बहीण आहे ना तिथं? तिकडून आलेला तो कापडवाला सांगत होता ना, जिवंत आहे म्हणून?

सुकैना : जमीला. हो, आहे.

ओर्दाय : मग? एक घास खायला लाव त्याला. एवढ्या लोकांसमोर माझी मान खाली जायला नको. दुसरं काही मागत नाही.

सुकैना : जमीला फार लहान होती हो. माझा पदर सोडत नव्हती, तुमच्या शिपायानं बोटं उकलून सोडवली तिची. तिला बघायला मी अनवाणी चालत जाईन, घोडी कशाला हवी! पण नाही.

ओर्दाय : नाही?

सुकैना : तुमच्याकडे घोडे होते, तटबंदी फोडणारे दगड होते. माझ्याकडे फक्त एक नकार होता. बगदादमधून तेवढाच वाचवून आणला. आमचं राज्य बुडालं, गादी बुडाली, आणि आज तुमच्या तंबूत तुमचा नातू मक्केकडे तोंड करून उभा राहतो. बगदादचं काय उरलं असं कुणी विचारलं, तर मी त्याच्याकडे बोट दाखवीन. त्यालाच सांगू, खा? माझ्या सुटकेसाठी? अभिमान वाटतो मला त्याचा. तुम्हालाही वाटायला हवा. तुमच्या डोळ्याला डोळा भिडवून ‘नाही’ म्हणणारं या कुरणावर दुसरं कोण आहे?

ओर्दाय : तू.

बेक्तूर : दाई, आहेस का आत? अरे, आजोबा, तुम्हीही इथंच! बाहेर लोक खोळंबलेत. मेंढरू तसंच बांधलेलं आहे.

ओर्दाय : मग काप जा. तुला हवं तसं काप.

बेक्तूर : मी? म्हणजे... तुमची हरकत नाही?

ओर्दाय : हरकत राहू दे. सुरी दाखव. ही? ही लोणी तरी कापेल का? कधी गळा कापलायस?

बेक्तूर : नाही. मुल्लांनी तोंडी सांगितलंय सगळं.

ओर्दाय : तोंडी! ऐकलंस, सुकैना? जनावर हाल हाल होऊन मरेल, आणि याचा देव जाब मला विचारेल. धर, माझी सुरी. सकाळीच धार लावलीय.

बेक्तूर : आजोबा, मला नीट जमेल असं वाटत नाही.

ओर्दाय : मला दिसतंय. तिच्याकडे दे.

बेक्तूर : दाईकडे? पण मेजवानीचं मेंढरू घरातल्या थोरल्या माणसानंच मारायचं असतं. तुम्हीच सांगत आलात.

ओर्दाय : मग? आज वेगळं काय सांगितलं?

सुकैना : नोयान, सगळ्या भाऊबंदांसमोर? लोक काय म्हणतील?

ओर्दाय : म्हणतील ते मी ऐकून घेईन. तुमच्यात बाईनं कापलेलं चालतं ना?

सुकैना : चालतं.

ओर्दाय : झालं तर. आणि घोडी तुझीच. बहिणीकडे जा, परत ये, नाहीतर येऊ नकोस. यापुढे तुला विचारणारा मी कोण?

बेक्तूर : कसली घोडी? दाई, कुठं चाललीस तू?

सुकैना : सांगते, आधी चल. मेंढरू तहानेलं उभं असेल, पाणी पाज त्याला. आणि दुसऱ्या जनावरांच्या नजरेआड आण. चांगलं दांडगं आहे, हिसडे देईल. धरायला कुणीतरी जाणतं हवं.

ओर्दाय : सरका. पाय मी धरतो.