रिठ्याचं झाड

नाही नाही काकू, बसा तुम्ही, उठू नका — मी नुसती बाकाखाली एखादा रिठा पडलाय का बघतेय. इथं कुठं रिठ्याचं झाड आहे का हो? तुम्ही रोज येत असणार या जॉगिंग ट्रॅकवर, बुटांवरून वाटतं. — नाही ना? नाहीये ते मलाही माहितीये. हा कडुनिंब, तो बदाम, पलीकडे गुलमोहर, आणि कुंपणाशी जे आहे ते काय आहे देव जाणे. पण मला रिठा पाहिजे. आणि ते लोक चहा पिऊन इकडे यायच्या आत पाहिजे.

ते तिकडचे, टोपीवाले. आमच्याच ऑफिसचे. साड्यांची डिझाइनं करतो आम्ही — येवल्याला माग, इथं कॉलेज रोडला ऑफिस. आजवर मोर, पोपट, कमळ यांच्यावर सगळ्यांची पोटं भरली, पण आता मालकाच्या मुलाला, अश्विन सरांना — माझ्याएवढेच असतील वयानं, पण सर — त्यांना मोराचा कंटाळा आलाय. म्हणे निसर्ग स्वतःच्या डोळ्यांनी बघा, वहीत उतरवा, त्यातून नवी बुट्टी निघेल. म्हणजे मोर काय सातपूरच्या कारखान्यात तयार होतो? त्यासाठी पुण्याहून मॅडम आणल्यात. त्या म्हणतात, पानाला विचारा, तुला काय सांगायचंय. आमचा केरू खरंच विचारत बसलाय सकाळपासून. पान काही बोललेलं नाही. आणि मला तर खास निरोप — बाळंतपणाची रजा संपली निकिता, आज काहीतरी नवीन दाखव, सोमवारपासून टेबल तुझं. नाहीतर माझ्या जागी घेतलेली पोरगी आहेच. ती काय, झाडाला मिठी मारून उभी आहे, फोटोसाठी. मुंग्या आहेत त्या झाडावर. मी सांगणार नाहीये.

मी? मी काय काढणार — काही नाही काढलं. पान समोर, आणि डोक्यात आपलं तेच, उठली असेल का, खिमट खाल्लं असेल का, गॅलरीचं दार लावलं असेल ना. पहिल्यांदाच सोडून आलेय हो तिला, सासूबाईंकडे. तेवढ्यात मॅडम आल्या, माझ्या वहीवर वाकल्या आणि ओरडल्याच — "अगं, काय सुंदर बी टिपलंयस! या शिरा बघा सगळ्यांनी!" कोपऱ्यात काळा ठिपका होता एक. सगळे गोळा झाले. अश्विन सर म्हणाले, हीच आपली बुट्टी, कसलं बी आहे हे? आणि माझ्या तोंडातून निघालं, रिठ्याचं. घरी सासूबाईंनी सकाळी रिठे भिजत घातले होते, तेच आठवलं असणार, मी काय विचार करून बोलते होय! आता त्यांना झाड हवंय. प्रत्येक साडीबरोबर एक कार्ड देणार, त्यावर झाड आणि झाडाखाली मी. हसत.

बी कसलं, काकू. काजळ आहे ते. शिरा म्हणजे माझ्या अंगठ्याच्या रेषा. निघताना पोरीला तीट लावत होते, तिनं नेमकी मान फिरवली, खाली रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, उशीर झाला तर द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकणार — तोच बरबटलेला अंगठा घेऊन वही उचलली नि पळाले. — नाही, माझा विश्वास नाहीये असल्या गोष्टींवर. आर्ट कॉलेजात शिकलेली बाई आहे मी. लग्न झालं तेव्हाच सासूबाईंना सांगून ठेवलं होतं, माझ्या लेकराच्या तोंडाला काळं फासायचं नाही. आणि आता दिवसाकाठी दोनदा मीच फासते. आज तेवढी राहिली. म्हणजे बघा, तीट इकडे वहीत, टोपीवाले तिचं कौतुक करतायत, आणि पोर तिकडे कोरी. कळतंय ना तुम्हाला? हसू नका.

थांबा, सासूबाईंचाच फोन. — हं आई. उठली? … रडली नाही? अजिबात? … बरं. छानच की. … आई, तिला तीट — … लावलीत? … बरं. ठेवते.

लावली म्हणे. कपाळावर, रुपयाएवढी. मी जिन्यात होते तेव्हाच. भरवसा म्हणून नाही माझ्यावर! — आणि रडली नाही, काकू. एकदासुद्धा नाही. मला वाटलं होतं दुपारच्या आत फोन येईल, ये बाई परत, ऐकत नाही ही. मी लगेच निघाले असते. मग सगळ्यांना सांगता आलं असतं, मी कुठं सोडली नोकरी, पोरीनं सोडायला लावली. तेवढीही सोय ठेवली नाही कार्टीनं. — हे मी तुम्हाला का सांगतेय? ओळख ना पाळख.

काय म्हणालात? बदामच दाखवू, रिठा म्हणून? खपेल हो. यांच्यातल्या एकालाही कळणार नाही. मॅडम तर पानालाच विचारतील. पण मग कुठल्या कुठल्या बायका माझ्या लेकीची तीट अंगभर नेसून लग्नाकार्यात मिरवणार, आणि तिला म्हणणार काय, तर रिठा. नाही, ते नाही चालायचं. नेसायची तर तीट म्हणून नेसा. नाहीतर राहू दे, द्या त्या पोरीला टेबल.

आले बघा. पाठ खाजवतेय ती — चावल्या मुंग्या. — या सर, या. झाड ना? सांगते. — काकू, तुम्ही जरा त्या पुढच्या बाकावर जाता का? नाही, राग मानू नका. खरं ऐकायला इथं सरांना बसवावं लागणार आहे.