काशीदादाचा बुधवार

जमलेल्या सगळ्या मंडळींना नमस्कार.

माईक माझ्या हातात दिलाय खरा, पण मी बोलणारा माणूस नाही. मी बाळाराम. गोदामात माल चढवतो, उतरवतो. काशीदादाच्या पत्नी रंजनावहिनी म्हणाल्या, "भावोजी, तुम्हीच बोला. बाकीचे त्यांच्याबद्दल चांगलं बोलतील, तुम्ही खरं बोला." म्हणून उभा राहिलो. मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

काशीदादा जाऊन नऊ दिवस झाले. आजची सभा मुद्दाम बुधवारी चारला ठेवलीय. गावाला कारण माहीत आहे, पाहुण्यांना सांगतो. टेबलावर तो फोन उभा करून ठेवलाय, त्यात मॅडम आहेत. दादाच्या समुपदेशक. तीन वर्षं दर बुधवारी चारला त्या फोनवरून दादाशी बोलत होत्या. मॅडम, दिसतंय ना सगळं? आपल्या वळ गावात तुम्ही आज पहिल्यांदाच सगळ्यांना बघताय.

दादा आमच्या टोळीचा मुकादम. कापडाची गाठ कशी उचलायची, हे आम्हाला त्यानेच शिकवलं. चौघांनी चार कोपरे धरायचे. एका दमात उचलायची. मध्ये टेकवायची नाही. कुणी चुकला की दादा म्हणायचा, "घरी आईने जेवायला घातलं न्हाय का रं?"

सहा वर्षांपूर्वी दादा थप्पीवरून पडला. गाठी एकावर एक रचतात ती थप्पी, दोन पुरुष उंच. पाठीवर पडला. आणि आम्ही काय केलं? त्याने शिकवलं होतं तेच. चौघांनी चार कोपरे धरले. दोन हात, दोन पाय. एका दमात उचललं आणि टेम्पोत ठेवलं. उजव्या हाताला मी होतो. उचलताना त्याची पाठ मध्ये लवली. ते मी पाहिलं.

डॉक्टरांनी विचारलं, "फळीवर का नाही आणलंत?" मणक्याची नस पडताना तुटली की उचलताना, ते आता सांगता येणार नाही, असंही ते म्हणाले. फळ्या नव्हत्या का? होत्या. गाठींना ओल लागू नये म्हणून थप्पीखाली लाकडी फळ्याच घालतात. भिंतीला ढीग होता.

दादाचं कमरेखालचं सगळं गेलं.

नंतरची तीन वर्षं मी दर रविवारी त्याच्याकडे जायचो. औषधं ठेवायचो, वहिनींना हाक मारायचो आणि निघायचो. आत गेलो तरी पायांकडे बघायचो, तोंडाकडे नाही. दादाही बोलेनासा झाला. भिंतीकडे तोंड करून पडायचा. एकदा आपल्या आईला म्हणाला, "मी गेलो तर तुमी तरी सुटाल." आई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मग हॉस्पिटलातल्या एका बाईंनी सांगितलं, मनाचा इलाज फोनवर होतो. त्यासाठी दादाला ठाण्याला न्यायचं म्हणजे गाडी, दोघांचा खाडा, आणि वाटेत काल्हेरला ट्रकांची रांग. बसून बसून त्याच्या पाठीला जखम व्हायची. म्हटलं, फोन तर फोन.

पहिला बुधवार ऐका. फोन मी धरलेला. दादाच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला वहिनी, मागे शेजारचे चार जण. मॅडमनी विचारलं, "काशिनाथ, कसे आहात?" आई म्हणाल्या, "बरा हाय तो." झोप लागते का? वहिनी म्हणाल्या, "लागते." राग येतो का? मी म्हटलं, "नाही मॅडम, दादा शांत आहे." सगळी उत्तरं आम्हीच दिली. आजारी माणसाच्या वतीने बोलायची आपल्याकडे सवयच आहे. शेवटी मॅडम म्हणाल्या, "आता मला त्यांच्याशी एकट्याशी बोलायचंय."

आईंना राग आला. "माझ्यापासून काय लपवायचंय?" पण पुढच्या बुधवारी सगळे बाहेर ओट्यावर बसलो. घराची भिंत पत्र्याची. आतलं सगळं ऐकू येत होतं. दादा रडत होता. आई उठल्या, वहिनींनी त्यांचा हात धरला. आम्हाला ऐकायचं नव्हतं, आणि आईंना दारापासून हलवता येत नव्हतं. तेव्हा आपले भजनीबुवा म्हणाले, "पखवाज आणा रे."

त्या दिवसापासून भजनी मंडळाचा सराव बुधवारी चारला, दादाच्या ओट्यावर. आपण मोठमोठ्याने गायलो. बुवांचा गळा कसा आहे ते सगळ्यांना माहीत आहे. पण तेवढ्या वेळात दादाला हवं ते बोलता आलं. लोक विचारायचे, "बोलून काय पाय चालनार हायत?" दादाने एकदा खुर्चीतूनच उत्तर दिलं, "पाय न्हाय चालत. पन घरच्यांवर तोंड आता कमी चालतं. बायकोला विचारा." वहिनी तेव्हा हसल्या होत्या.

मागच्या वर्षी एका बुधवारी भजन चालू असताना आतून हाक आली. "बाळ्या, आत ये." मॅडम फोनवर होत्याच. दादा म्हणाला, "बस. माझ्या तोंडाकडं बघ." मी बघितलं.

म्हणाला, "त्या दिशी मी शुद्धीत व्हतो. माल भरायला ट्रक लागला व्हता. 'मला उचला लवकर' असं मीच म्हनलो. तुमी माझं ऐकलंत. मुकादम मी व्हतो. ह्ये मी पाच वर्सं कुनाला सांगितलं न्हाय."

मंडळी, दादाने तसं म्हटलेलं मला आठवत नाही. आजही आठवत नाही. तो खरं सांगत होता, की माझ्यासाठी रचून सांगत होता? मी मॅडमना विचारलं नाही. त्या सांगणार नाहीत, आणि मी विचारणार नाही. त्या दिवशी मी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो. त्याच्या मांडीला ते कळत नव्हतं, म्हणून त्याने हात माझ्या डोक्यावर ठेवला. बाहेर बुवांनी भजन थांबवलं नाही.

मग दादा कामाला लागला. मला खुर्ची ढकलायला लावून गोदामागोदामांत फिरला. टोळ्यांना समोर बसवायचा आणि सांगायचा, "मानूस म्हंजे गाठ न्हाय. पडला तर हलवू नका. पयली फळी आना." आमच्या गोदामात आज दाराशी एक लाल फळी टांगलेली आहे. तिच्यावर माल ठेवायचा नाही, हा दादाचा नियम.

शेवटी लघवीचं इन्फेक्शन किडनीत गेलं. दादाला जायचं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगतो. ज्याने एकदा "मी गेलो तर" म्हटलं होतं, तो शेवटच्या आठवड्यात मला विचारत होता, "बुधवारपर्यंत घरी सोडतील ना?"

नाही सोडलं. घरी आणला तेव्हा अँब्युलन्समधून उतरवायला आम्ही चौघं होतो, तेच चौघं. हात घालणार तेवढ्यात मी म्हटलं, "थांबा. लाल फळी आणा." गेलेल्या माणसाच्या पाठीला आता काय होणार होतं? पण एक जण धावत जाऊन गोदामातून घेऊन आला. दादाला आम्ही फळीवर घेतला. पाठ सरळ ठेवून घरात नेला.

आता माझं संपलं.

आपल्याकडे उभं राहून शांत राहायची पद्धत आहे. आज दादाचे मित्र निजामपुऱ्यातून, काल्हेरहून चाकाच्या खुर्चीत आलेत. म्हणून आपण सगळे बसूनच राहू. मीही बसतो. बुवा, पखवाज राहू द्या. दादाला बोलता यावं म्हणून तीन वर्षं दर बुधवारी आपण आवाज केला. आज आत कुणी बोलत नाहीये.

दोन मिनिटं गप्प बसूया.