तोंडाला लावलेली शिट्टी

गिर्यारोहणाच्या सामानाच्या दुकानात रांग लागली होती. वडिलांसाठी निवडलेला डोक्याला बांधायचा दिवा धरून एक नर्स उभी होती. उद्या वडिलांचा वाढदिवस होता, आणि ऐन थंडीतला वाढदिवस ते दरवर्षी एकटेच डोंगरावर घालवत. तेवढ्यात पुढच्या बाईंनी काउंटरवर शिट्टी आपटली.

"ही परत घ्या."

"खराब निघाली का, काकू?"

"ठणठणीत आहे. लेकाने भेट दिली. म्हणे, आई, थंडीत डोंगर चढतेस, कुठे पडलीबिडलीस तर वाजव."

"काळजीपोटीच दिली ना?"

"काळजी कसली डोंबलाची! मागच्या वर्षी काठी, त्याआधी थर्मास. दरवर्षी एक वस्तू हातात कोंबायची की हा मोकळा! एक रविवार माझ्याबरोबर चल म्हटलं, की लगेच याचा गुडघा दुखतो."

"बरं, वाजवून बघितलीत का?"

"बघितली ना. माथ्यावर बसून चांगली तीनदा वाजवली."

"मग नाही घेता येणार. तोंडाला लावलेली वस्तू आम्ही परत घेत नाही."

"असं?"

बाईंनी शिट्टी उचलली आणि दुकान दणाणेल अशी फुंकली. सगळ्यांच्या माना वळल्या.

"बघितलंत? इथे दहा माणसं वळली. वर चिटपाखरूसुद्धा नव्हतं!"

आणि त्या तरातरा निघून गेल्या.

"पुढे कोण? ताई, दिवा पॅक करून देऊ?"

"थांबा जरा... हॅलो, बाबा? उद्या किती वाजता निघताय? आणि दोन-दोन मोजे घातले, तर तुमचे जुने बूट मला होतील का?"