बाई चालल्या, पण संगणकाची खोली बंद करू नका

तीन मिनिटं! एकतीस वर्षं ज्या बाईंनी या वाचनालयाचं दार उघडलं आणि लावलं, त्यांच्याबद्दल बोलायला मला तीन मिनिटं, आणि पाहुण्यांच्या परिचयाला अर्धा तास. तेवढ्या वेळात मी दोन बॅगांच्या चेन बदलून दिल्या असत्या. आणि मघाशी आत येताना काय बघितलं? बाईंना द्यायच्या पुष्पगुच्छाचं टेबल संगणकाच्या खोलीसमोर मांडलंय आणि त्याच खोलीला आज नवं कुलूप लावलंय. कार्यक्रम संपेपर्यंतही दम निघाला नाही का कुणाला?

असो. रीत सोडायची नाही. तर या वाचनालयाचे सन्माननीय अध्यक्ष, जे नात्याने माझे चुलत दीर लागतात, पण इथे मी त्यांना अध्यक्षच म्हणणार आहे, व्यासपीठावरचे पाहुणे, समितीचे सभासद, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आपल्या ग्रंथपाल बाई, आणि पंख्याखालची जागा पकडून बसलेले तुम्ही सगळे, माझा नमस्कार घ्या.

मी बॅगा दुरुस्त करते. शिक्षण चौथी. हे भाषण माझं मी लिहिलंय, चार दुपारी लागल्या. तेव्हा कुणी घड्याळ दाखवू नये.

आमच्या गल्लीचा रस्ता एकेरी झाला तेव्हा दुकानात येणारी माणसं पलीकडच्या पलीकडे जायला लागली. ह्यांनी हाय खाल्ली. दिवसभर दाराकडे बघत बसायचे. मी म्हटलं, गिऱ्हाईक येत नाही तर आपण जाऊ. चेनचा रनर, म्हणजे ते पुढेमागे सरकणारं बोंडुक, सुई, दोरा आणि कसं बसवायचं त्याचे फोटो, असं पाकीट करून कुरियरने पाठवायचं ठरवलं. एका माणसाकडून वेबसाइट करून घेतली. काय सुंदर केली होती! वर सोनेरी अक्षरांत ‘आपले सहर्ष स्वागत’. खाली ‘उत्कृष्ट सेवा, ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’. पाच पानं, आणि पाचही पानांचं शीर्षक एकच, ‘मुखपृष्ठ’.

मी रोज सकाळी चहा घेता घेता फोनवर शोधायची. आमचं दुकान सगळ्यांत वर! अख्ख्या गल्लीत सांगून आले. मग परगावच्या नणंदेला म्हटलं, बघ जरा तुझ्या फोनवर. तिने बघितलं आणि म्हणाली, “वहिनी, मी सहा पानं खाली गेले. तुम्ही कुठेच नाही. सातव्याला मला झोप आली.”

मी तणतणत वाचनालयात आले. इथे बाई संगणक शिकवतात एवढं ऐकून होते. म्हटलं, माझा फोन खोटं बोलतो का? बाई म्हणाल्या, “खोटं नाही हो. रोज सकाळी उठून तुम्ही स्वतःचंच दुकान शोधता, त्याला तुमची आवड कळली. बाकीच्यांना अजून तुम्ही माहीत नाही.”

तुम्हाला बाईंचं बोलणं ठाऊक आहे. आवाज कधी चढत नाही. मला तर कधी कधी वाटायचं, यांना एकदा तरी चिडलेलं बघावं. मी पुष्कळ प्रयत्न केले, त्यातलाच एक पुढे सांगते.

त्यांनी मला त्या कोपऱ्यातल्या जुन्या लाकडी कपाटाचा खण ओढून दाखवला. आत कार्डं. म्हणाल्या, “पुस्तक फळीवर आहे, पण त्याचं कार्ड नाही, तर ते वाचकाला कसं सापडायचं? आणि सगळ्या कार्डांवर मी नुसतं ‘पुस्तक’ असं लिहून ठेवलं तर? तुमच्या पाच पानांवर ‘मुखपृष्ठ’ लिहिलंय, ते असंच झालं.” मग विचारलं, “दुकानात येऊन आजवर किती जण म्हणाले, मला उत्कृष्ट सेवा द्या?”

म्हटलं, एकही नाही.

“मग ते लिहिलंय कुणासाठी?”

मग बाईंनीच मला एक वही दिली. सांगितलं, माणूस पायरी चढून आल्यावर जे पहिलं वाक्य बोलतो, ते जसंच्या तसं उतरवायचं. सुधारायचं नाही. मी म्हटलं, मला लिहायला वेळ लागतो, गिऱ्हाईक खोळंबेल. तर म्हणाल्या, “ते गेल्यावर लिहा. तुमच्या लक्षात राहतं. मी तुम्हाला भांडताना ऐकलंय.”

दीड महिना लिहिलं. “चेन लागते, पण मागून उघडत येते.” “रनर हातातच आला.” “सुटकेसचं चाक फार ओरडतं, फेकून देऊ का?” एक जण तर नुसता बॅग काउंटरवर आपटून म्हणाला, “हिला काहीतरी करा.” तेही लिहिलं. बाईंनी वही वाचली आणि ‘हिला काहीतरी करा’ वर काट मारून बाकीचं ठेवलं. म्हणाल्या, घरी बसलेला माणूस गुगलमध्ये हेच लिहितो. तुम्ही एकेका तक्रारीचं एकेक पान करा. वर तीच तक्रार, खाली तिचं उत्तर, खरंखुरं, घरच्या घरी करता येईल असं. पाकीट नाही घेतलं तरी चालेल असं.

इथे माझं डोकं फिरलं. फुकट उपाय सांगून मी खायचं काय? म्हणून मी माझी अक्कल चालवली. पहिल्याच पानाच्या तळाशी ‘बॅगेची चेन दुरुस्ती’ हे साठ वेळा लिहिलं, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत. म्हटलं, माणसाला दिसणार नाही, यंत्राला दिसेल. बाईंनी पान उघडलं, माउस तळापर्यंत ओढला, आणि सगळी अक्षरं निळ्या पट्ट्यात उघडी पडली. आणि त्यांनी ती वाचली. मोठ्याने. त्याच शांत आवाजात. साठच्या साठ! वर्ग हसून हसून डोळे पुसत होता. पंचेचाळिसाव्याला मी हात जोडले, तरी थांबल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, “तुम्हाला कंटाळा आला ना? मग शोधणाऱ्याला येणार नाही का? आणि फसवायला बघतंय म्हणून तुम्हाला खाली ढकलतील ते वेगळंच.”

मी घरी जाऊन पुसलं. पानं लिहिली. फोटो एवढे जड होते की पान उघडेपर्यंत माणूस चहा टाकून येईल, ते हलके केले. प्रत्येक फोटोखाली, आंधळ्या माणसाला सांगावं तसं, त्यात काय दिसतं ते लिहिलं. मग म्हटलं, उद्या दिसेन ना? बाई म्हणाल्या, “तीन महिने.” तीन महिने! मला कुकरची शिट्टी होईपर्यंत धीर नसतो. पण धरला.

चौथ्या महिन्यात एक मागणी आली. पत्ता बघते तर आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. नाव वाचलं आणि कुरियरला काय द्यायचं, पाकीट हातात घेऊन मीच चालत गेले. दार जाऊबाईंनी उघडलं. हो, अध्यक्षांच्याच घरचं दार. मला म्हणतात, “आत्ता नको हो गप्पा, मी कुरियरची वाट बघतेय.” मी पाकीट पुढे केलं. त्यांनी पाकिटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “अगबाई, ते तुम्ही? मी तर ‘सुटकेसची चेन मध्येच उघडते’ असं लिहिलं, पहिलं आलं ते उघडलं. इतकं नीट समजावून सांगितलंय, मला वाटलं कुणी शिकलेलं असेल.”

हसा, हसा. अध्यक्षही हसतायत. मग आता पुढचं ऐका, कारण मी इथे गोष्टी सांगायला आलेले नाही.

समिती म्हणते, बाई निवृत्त झाल्या, शिकवायला माणूस नाही, म्हणून खोली बंद. तिथे मोडक्या खुर्च्या ठेवणार. त्या खोलीत सहा संगणक आहेत आणि अकरा जणं येतात. त्यांत तिसऱ्या रांगेत बसलेली आमची मेणबत्तीवाली आहे. डोकं वर कर गं. हिच्या मेणबत्त्या चांगल्या, वेबसाइट चांगली, पानं माझ्यापेक्षा शुद्ध. पण पाच महिन्यांत बाहेरचं एकही माणूस फिरकलं नाही. हिने ठरवलं होतं, या महिन्याअखेर सगळं बंद करायचं आणि पॅकिंगच्या कारखान्यात कामाला लागायचं. साचेसुद्धा विकायला काढले होते.

मागच्या महिन्यात बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस त्या आल्या नाहीत. खोलीत आम्हीच. मेणबत्तीवाली म्हणाली, “जाऊ दे ताई, माझ्या नशिबातच नाही.” मला असल्या बोलण्याचा राग येतो. म्हटलं, ऊठ, बाजूला हो. आणि बाई बघायच्या तसं मी एकेक बघत गेले. शीर्षक ठीक. फोटो ठीक. नवीन काही लिहिलंय, ठीक. मग वेबसाइटच्या आतली सगळी सेटिंग्ज उघडली, जिथे आपण कधी जात नाही तिथे. अक्षर अक्षर लावून वाचायला मला वेळ लागला. तिथे एक ओळ होती, ‘ही वेबसाइट शोधात दाखवू नका’. आणि त्यापुढच्या चौकोनात बरोबरची खूण! दुकान बांधून होत असताना कुणी बघू नये म्हणून तिनेच केलेली, आणि मग विसरलेली. पाच महिने ही दुकान मांडून, दिवे लावून बसली होती, आणि शटर खाली.

ती खूण मी काढली. गुगलला कळवायचं कसं ते बाईंनी वहीत लिहून दिलं होतं, तसं कळवलं. नवव्या दिवशी हिला परक्या माणसाची पहिली मागणी आली. मग दुसरी. साचे विकायचे राहिले. आज पुढच्या टेबलावर बाईंसाठी जी मोठी पांढरी मेणबत्ती आहे, ती हिने कालच ओतलीय.

तेव्हा अध्यक्ष, शिकवायला माणूस नाही हे खरं नाही. माणूस आहे. मी आहे. बाई गेल्याच आठवड्यात म्हणाल्या, “वर्ग तुम्ही घ्या.” मी म्हटलं, बाई, मी चौथी. त्या म्हणाल्या, “खूण तुम्हाला सापडली, मला नाही. पाच महिन्यांत मी तीनदा ती वेबसाइट बघितली होती.” एवढ्या मोठ्या बाईने स्वतःची चूक अशी सरळ सांगितली, मग मीही हो म्हटलं. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी दहा ते बारा. मला काही द्यायची गरज नाही. अडलं तर बाई फोनवर आहेत, त्यांनी कबूल केलंय. मला फक्त त्या नव्या कुलपाची किल्ली पाहिजे.

बाई, तुमचे आभार मानायला माझ्याकडे मोठे शब्द नाहीत, आणि असते तरी तुम्ही विचारलं असतं की हे कुणासाठी लिहिलंय. तुम्ही आम्हाला सापडण्यासारखं केलंत. आता डोळ्यांना जपा, दुपारी झोपा, आमचे फोन घ्या. मला बोलू दिल्याबद्दल समितीचे आभार, आणि मोडक्या माइकवर धीराने ऐकलंत म्हणून तुमचेही. कुणाला लागलं असेल तर ते माझ्या जिभेचं, बाईंच्या शिकवणीचं नव्हे. तेवढं पोटात घाला.

आणि भावजी, आता अध्यक्ष नाही म्हणत, भावजी म्हणते. शुक्रवारी दहाला आम्ही अकरा जणं त्या दाराशी उभे असू. किल्ली देणार की नाही, ते गुरुवारी संध्याकाळी वाचनालय बंद व्हायच्या आत मला सांगा. हो किंवा नाही. आणि नाही असेल, तर का ते कागदावर लिहून, खाली सही करून द्या. ‘बघू’ हे उत्तर मी घेणार नाही.