कोलंबोसाठी पांढरा ड्रेस

गोथेनबर्गमध्ये सकाळपासून बर्फ पडत होता. कपड्यांच्या दुकानात ट्रायल रूमच्या रांगेत सिव्ह नावाच्या बाईच्या पुढे मायलेकी उभ्या होत्या. आई सत्तरीची, गोरीपान. लेक चाळिशीची, सावळी.

"मालिन, हा निळा घे. सुती आहे, कोलंबोच्या उकाड्यात बरा. शिवाय मळखाऊ आहे."

"त्याला बाह्या नाहीत, आई."

"वरून ओढणी घे. एकेचाळीस वर्षांनी जन्मदात्रीला भेटणार, जरा उठून दिसायला नको?"

"हा पांढराच बरा आहे."

"रिक्षातून एक चक्कर मारलीस की त्याचं पोतेरं होईल."

"होऊ दे."

"तुला पांढरा कधी आवडला? शाळा संपली तेव्हा वर्गातल्या सगळ्या मुली पांढऱ्या ड्रेसमध्ये, आणि तू खोलीत रुसून बसलेली."

"तिकडे मयताला पांढरंच घालतात, आई."

"कोणाच्या मयताला?"

"तिच्या. परवा निरोप आला."

"परवा? म्हणजे दोन दिवस तू माझ्यासमोर बसून जेवतेयस."

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुला हायसं वाटलं असतं. ते तुझ्या तोंडावर मला बघवलं नसतं."

समोरचा पडदा सरकला, ट्रायल रूम रिकामी झाली. म्हातारी 'छे, काहीतरीच' म्हणेल म्हणून सिव्ह थांबून राहिली. म्हातारी तसं म्हणाली नाही. तिने निळा ड्रेस हँगरला लावला आणि त्याची बटणं एकेक करून लावत बसली.