पाणी आण

नवरा : ती पहार आधी खाली ठेव.

बायको : ठेवते की. त्याच्या टाळक्यात ठेवते.

नवरा : अगं, आतून आवाज येतोय तो ऐकतेस ना? डोळे जळतायत त्याचे.

बायको : जळू देत. सकाळी प्रार्थनाघर पेटवलं, तुम्हाला तुडवलं, तरी हातोडाभाईंचं पोट भरलं नाही. आपल्या बॅटऱ्या फोडायला दुकानात शिरला, ॲसिडच्या कॅनवर हातोडा घातला आणि सगळं स्वतःच्या तोंडावर घेतलं. साथीदार टाकून पळाले. त्यात मी काय करू?

नवरा : मघाशी पहार उचललीस आणि तशीच थिजलीस. का?

बायको : तुमच्या बरगड्या मोडल्यात. जास्त बोलू नका.

नवरा : का थांबलीस?

बायको : कोणीतरी म्हणालं, "पाणी आण."

नवरा : मी नाही म्हणालो.

बायको : तुम्हाला श्वास तरी घेता येत होता का! आणि तो नुसता केकाटतोय. हे अगदी कानाशी. घरातल्या माणसानं सांगावं तसं. पाणी आण.

नवरा : प्रभू!

बायको : नाव घेऊ नका त्याचं.

नवरा : वीस वर्षं प्रार्थना चालवतोय मी. गुडघ्यांना घट्टे पडले. मला कधी एक शब्द नाही. आणि तुला? माझ्या उपदेशात डुलक्या काढणारीला?

बायको : हेवा वाटतो तर घ्या ती हाक तुम्ही. मला नको. मागच्या दंगलीत माझ्या भावाला यानं प्रार्थनाघराच्या पायरीवर मारलं. सात घाव. त्याचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले होते, आणि डोकं म्हणावं असं काही उरलं नव्हतं. तेव्हा मला कोणी एक शब्द बोललं नाही. आणि आज याच्यासाठी पाणी आण म्हणे!

नवरा : का, ते त्यालाच ठाऊक.

बायको : दर रविवारी तर तुम्हालाही ठाऊक असतं.

नवरा : आज नाही. उठता आलं असतं तरी मी पाणी नेलं असतं की नाही, तेही माहीत नाही मला. पण हाक तुला आलीय, आणि डोळ्यांना वेळ थोडा आहे.

बायको : नळ मेल्यांनी मुळासकट उखडलाय.

नवरा : फळीखाली डिस्टिल्ड वॉटरचे सहा कॅन आहेत.

(तिनं पहार भिंतीला टेकवली, ठेवली असं म्हणवत नाही, हाताला लागेल अशीच टेकवली. पहिला कॅन ओढत ती आतल्या खोलीत गेली. नवरा छाती आवळून मागून रांगत.)

हातोडा : कोण? कोण आहे तिथं?

बायको : हात काढ तोंडावरून. हे पांढरं काय चोळलंयस?

हातोडा : सोडा. त्या डब्यातला. ॲसिडवर सोडा टाकतात ना?

बायको : फरशीवर टाकतात, गाढवा! डोळ्यांत नाही. तोंड वर कर.

हातोडा : तू कोण?

बायको : पायरीवर ज्याला मारलंस, त्याची बहीण.

हातोडा : नको! ॲसिड आहे ते! ॲसिडच ओतणार तू! सोड! सोड मला!

नवरा : अगं! लाथ लागली का तोंडावर?

बायको : दात गेला. पाय धरा त्याचे. बसा त्याच्यावर.

नवरा : माझ्या बरगड्या...

बायको : उरलेल्या बरगड्यांनिशी बसा! आणि तू, हे घे!

नवरा : थोबाडीत मारलीस त्याला?

बायको : पाणी आण म्हणाला. मारू नको असं काही म्हणाला नाही.

हातोडा : आई गं...

बायको : आता ऐक. आधी मी पिते. ऐकलास घोट? पाणीच आहे. पापण्या मी धरते. डोकं हलवलंस तर पहार लांब नाही.

हातोडा : जळतंय... जळतंय गं!

बायको : जळणारच. माझ्याही बोटांची सालं निघतायत. डोळा फिरव. खाली. आता वर.

नवरा : हा तिसरा.

बायको : ओता. नाकाच्या बाजूनं धरा, बाहेरून ओतलंत तर दुसऱ्या डोळ्यात जाईल.

हातोडा : का करतेस हे?

बायको : मला विचारू नकोस. मला तुझी कीव येत नाही. एक थेंबही नाही. सांगितलेलं काम करतेय.

हातोडा : कुणी सांगितलं?

बायको : ज्याचं घर सकाळी पेटवलंस, त्यानं.

नवरा : पाचवा.

बायको : तुम्ही रडता कशाला? कॅन सरळ धरा.

हातोडा : या डोळ्यानं... दिसतंय थोडं.

बायको : काय दिसतंय?

हातोडा : धूसर. तुझं तोंड. रक्त.

बायको : नीट बघ. आम्हा बहीणभावाचा चेहरा एकच. सगळे म्हणायचे.

हातोडा : डोळे मिटू का, बाई?

बायको : नाही. अजून एक कॅन आहे.